विद्युतऋणता : वजाबाकी आणि विचार

एका अणूचा दुसऱ्या अणूशीं जडलेला बंध कितपत ध्रुवीय असेल हें आवर्तसारणीवरून अगोदरच सांगतां येतें, ही गोष्ट वरच्या वर्गांतील आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. प्रश्न आला कीं ते कोष्टकांतून दोन आंकडे काढतात, मोठ्यांतून लहान वजा करतात, आणि आलेल्या बाकीवरून बंधाचें नांव लिहून मोकळे होतात. ऑक्सिजन ३.४४, हायड्रोजन २.२०, बाकी १.२४; बंध ध्रुवीय सहसंयुज. उत्तर बरोबर असतें व गुणही मिळतात. या लेखांत आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, ही वजाबाकी म्हणजे विचाराचा आरंभ आहे, शेवट नव्हे. आणि जो शिक्षक तिलाच शेवट समजून शिकवितो तो विद्यार्थ्याच्या हातीं अर्धीच विद्या देतो. हा दोष दुसऱ्याचा म्हणून आम्ही दाखवीत नाहीं. तो प्रथम आमचा स्वतःचा होता, आणि तो आम्हांस एका विद्यार्थिनीनें दाखवून दिला.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकती भरली होती, आणि परभणी जिल्ह्यांत सर्वत्र कापसाची वेचणी चालू होती. शेतांत कापूस आहे तर वर्गांतही कापूस असावा, असा विचार करून आम्हीं सेल्युलोजचा विषय काढला. कापूस म्हणजे बहुतांशीं सेल्युलोज; त्याच्या साखळींतील प्रत्येक ग्लुकोज-घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट; प्रत्येक गटांत ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा बंध; त्यांतील फरक १.२४, म्हणून बंध ध्रुवीय. पाण्याचा रेणुही ध्रुवीय. सबब कापूस पाणी शोषून घेतो. ही पायऱ्यांची माळ फळ्यावर नीट लिहून आम्ही समाधान पावलों.

दुसऱ्या दिवशीं मागच्या बांकावरील एक मुलगी दप्तरांतून कापसाचें फुटलेलें बोंड घेऊन आली. तिनें सरकीवरचा कापूस हातानें सोडवला आणि टेबलावरील पाण्याच्या पेल्यांत टाकला. तो बुडाला नाहीं, भिजलाही नाहीं. बोटानें खालीं दाबला तरी पुन्हां वर आला. तिनें विचारलें, "सर, काल तुम्ही सांगितलें तें खरें असेल, तर हा भिजत कां नाहीं ?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तास संपत आला होता, अभ्यासक्रमही मागें पडला होता. आम्हीं म्हटलें, "बाळ, परीक्षेंत असें विचारीत नाहींत. फळ्यावर आहे तें लिही." ती "हो सर" म्हणून जागेवर जाऊन बसली. त्यानंतर पुष्कळ दिवस तिनें वर्गांत एकही प्रश्न विचारला नाहीं. तिचें तें मौन आम्हांस अधिकाधिक बोचूं लागलें, आणि आम्ही हा विषय मुळापासून पुन्हां वाचावयास घेतला. त्या वाचनांतून व नंतरच्या अनुभवांतून जें हातीं आलें तें येथें मांडतों.

विद्युतऋणता या शब्दापासूनच घोटाळ्यास आरंभ होतो. ऋण म्हटलें कीं शेतकऱ्याच्या मुलाच्या डोळ्यांपुढें कर्ज उभें राहतें, आणि ज्याची विद्युतऋणता जास्त तो अणु बिचारा कर्जबाजारी असावा असें त्यास वाटतें. वस्तुतः प्रकार उलट आहे. इलेक्ट्रॉनवरील विद्युद्भारास ऋण म्हणण्याचा संकेत आहे. तेव्हां बंधांतील इलेक्ट्रॉन जो अणु आपल्याकडे अधिक ओढतो, त्याच्या बाजूस ऋणभार सांचतो. म्हणजे हा ऋणको नव्हे; ओढून घेणारा धनको आहे. एवढा खुलासा पहिल्याच दिवशीं केला, तर पुढील पुष्कळ गोंधळ टळतो.

दोन भावांच्या सामाईक विहिरीचें उदाहरण आम्ही वर्गांत देत असतों. दोघांचे पंप सारख्या शक्तीचे असले तर पाणी दोघांकडे सारखें जाईल. एकाचा पंप मोठा असला तर पाणी त्याच्या शेताकडे अधिक जाईल, तरी विहीर सामाईकच राहील. पंपांत फारच तफावत असली तर विहीर नांवाची सामाईक, पाणी सगळें एकाचें. पहिली स्थिति अध्रुवीय बंधाची, दुसरी ध्रुवीय सहसंयुज बंधाची, तिसरी आयनिक बंधाची. उपमा फार ताणूं नये हें खरें. परंतु तिच्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या तीन स्थितींच्या मध्यें कोठेंही बांध घातलेला नाहीं. एक स्थिति दुसरींत हळूहळू मिसळत जाते.

आतां ही ओढ मोजावी कशी ? स्वीडनचे बर्झेलियस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच मूलद्रव्यांची विद्युद्‌गुणानुसार ओळ लावून ऑक्सिजनला तिच्या ऋण टोंकास बसविलें होतें. परंतु बंधाच्या ऊर्जेवरून या गुणाची मोजपट्टी बांधली ती अमेरिकेंतील लायनस पॉलिंग यांनीं, १९३२ सालीं. त्यांची युक्ति हायड्रोजन क्लोराइडच्या उदाहरणानें चांगली समजते. हायड्रोजनच्या रेणूंतील बंध तोडण्यास एका मोलामागें सुमारें ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनच्या रेणूंतील बंधास सुमारें २४३. हायड्रोजन व क्लोरीन एकत्र येऊन त्यांनीं इलेक्ट्रॉन अगदीं सारखे वांटून घेतले असते, तर त्यांचा बंध या दोहोंच्या सरासरीइतका, म्हणजे सुमारें ३४० किलोज्यूलांचा, असता. प्रत्यक्षांत तो ४३१ किलोज्यूलांचा भरतो. ही ९१ किलोज्यूलांची अधिक बळकटी कोठून आली ? वांटणी असमान झाली, एका टोंकास थोडा धनभार व दुसऱ्या टोंकास थोडा ऋणभार आला, आणि त्यांच्या परस्पर आकर्षणानें बंध अधिक घट्ट झाला, असा अर्थ पॉलिंग यांनीं लावला. या अधिक ऊर्जेस ९६.५ नें भागून ती इलेक्ट्रॉन-व्होल्टांत आणावी व तिचें वर्गमूळ काढावें; तें सुमारें ०.९७ येतें. कोष्टकांत क्लोरीन ३.१६ व हायड्रोजन २.२० आहे, फरक ०.९६. ताळा जमला.

हें गणित आम्ही आतां प्रत्येक वर्षीं फळ्यावर करून दाखवितों. त्यावरून मुलांस कळतें कीं, कोष्टकांतील आंकडे आकाशांतून पडलेले नाहींत. कोणी तरी बंध तोडण्याची ऊर्जा मोजली आणि त्या मोजमापांतून ते निघाले. पुढें १९३४ सालीं मलिकन यांनीं, अणूंतून इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा व नवा इलेक्ट्रॉन घेतांना सुटणारी ऊर्जा यांच्या सरासरीवरून वेगळी मोजपट्टी तयार केली. १९६१ सालीं ऑलरेड यांनीं पॉलिंग यांचे आंकडे नव्या मोजमापांच्या आधारें सुधारले. एका गुणास अनेक मोजपट्ट्या आहेत याचा अर्थच असा कीं, दुसऱ्या दशांश स्थळावर जीव टाकण्याचें कारण नाहीं.

आंकड्यांपेक्षां त्यांचा कल महत्त्वाचा. आवर्तसारणीच्या दुसऱ्या आवर्तांत डावीकडून उजवीकडे चालत गेलों तर लिथियम ०.९८, बेरिलियम १.५७, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४ व फ्लुओरीन ३.९८ अशी चढती श्रेणी लागते. कारण उघड आहे. अणुकेंद्रावरील धनभार प्रत्येक पावलास एकानें वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचांत बसत असल्यामुळें तो केंद्राची ओढ फारशी झांकीत नाहीं. उलट एकाच गणांत खालीं उतरत गेलों तर फ्लुओरीन ३.९८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६ व आयोडीन २.६६ असा उतार दिसतो. कारण दर पायरीस एक नवें कवच वाढतें, बंधांतील इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातात, आणि मधल्या इलेक्ट्रॉनांचा पडदा जाड होतो. हीं दोन कारणें ज्यास समजलीं, त्यास कोष्टक हातीं नसतांही दोन मूलद्रव्यांचीं स्थानें पाहून कोणाकडे ऋण टोंक जाईल हें सांगतां येतें. ज्यानें नुसते बाण पाठ केले, तो गॅलियमपाशीं अडतो. ॲल्युमिनियम १.६१ व त्याच्या खालील गॅलियम १.८१, उतार असावयाचा तेथें चढ आहे. मध्यंतरीं दहा इलेक्ट्रॉनांची जी नवी भरती झाली तिचा पडदा विरळ आहे, त्यामुळें केंद्राची ओढ बाहेर अधिक पोंचते. अपवाद येथें नियमाचा शत्रु नसून त्याच्या कारणाचा साक्षीदार आहे.

या कलावरून केलेलें भाकीत खरें ठरतें कीं नाहीं, हें पाहण्याचें साधनही आहे. रेणूच्या दोन टोंकांस किती विद्युद्भार आहे व तीं टोंकें परस्परांपासून किती दूर आहेत, यांच्या गुणाकारास द्विध्रुव-परिबल म्हणतात. इंग्रजींत त्यास डायपोल मोमेंट असें नांव आहे, आणि पीटर डिबाय या शास्त्रज्ञाच्या नांवावरून तें डिबाय या एककांत सांगतात. हायड्रोजनचे फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांशीं होणारे चार बंध घ्या. विद्युतऋणतेचे फरक अनुक्रमें १.७८, ०.९६, ०.७६ व ०.४६. मोजलेलीं परिबलें १.८३, १.११, ०.८३ व ०.४५ डिबाय. कागदावरील उतरण व प्रयोगशाळेंतील उतरण एकच आहे. तसेंच पाणी व हायड्रोजन सल्फाइड यांचें. गंधकाची विद्युतऋणता २.५८, म्हणजे हायड्रोजनशीं फरक अवघा ०.३८, ऑक्सिजनचा १.२४. हायड्रोजन सल्फाइडचा रेणु पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांस उकळतो आणि पाणी १०० अंशांस. पाण्याचे रेणु परस्परांस जे धरून ठेवतात, त्याचें मूळ त्या १.२४ मध्यें आहे. गोदावरी व पूर्णा या नद्यांतून जें वाहतें तें वाफ न होतां पाणी म्हणून वाहतें, याचें श्रेय या लहानशा बाकीस दिलें पाहिजे.

येथपर्यंत वजाबाकीचा विजय आहे. आतां तिच्या मर्यादा पाहूं. वर्गांत एक आंकडा मंत्रासारखा घोकला जातो, तो १.७. फरक याहून कमी असला तर सहसंयुज, जास्त असला तर आयनिक. हा आंकडा पॉलिंग यांच्या एका सूत्रांतून आला आहे, फरक १.७ असतां बंध सुमारें अर्धा आयनिक समजावा, असा त्या सूत्राचा हिशेब. म्हणजे तो वाटेवरचा मैलाचा दगड होता. आम्हीं त्याची वेस बांधली. सिलिकॉन व फ्लुओरीन यांचा फरक २.०८. नियमानें सिलिकॉन टेट्राफ्लुओराइड मिठासारखें स्फटिकमय असावयास पाहिजे. प्रत्यक्षांत नेहमींच्या तापमानास तो सुट्या रेणूंचा वायु आहे. उलट सोडियम व हायड्रोजन यांचा फरक १.२७ च, तरी सोडियम हायड्राइड हा सोडियमचे धन आयन व हायड्रोजनचे ऋण आयन यांचा बनलेला घन पदार्थ आहे. तेव्हां १.७ च्या अलीकडे-पलीकडे असा निवाडा देणें म्हणजे इंचभर फरकानें मुलास एका वर्गांतून काढून दुसऱ्यांत बसविण्यासारखें आहे. फरक मोठा तर ध्रुवता अधिक, एवढें खात्रीनें सांगावें. नांव देतांना मूलद्रव्यें धातु आहेत कीं अधातु, पदार्थ वितळतो केव्हां, वितळल्यावर वीज वाहूं देतो कीं नाहीं, हेंही विचारावें.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. वजाबाकी बंधाविषयीं बोलते, रेणूविषयीं नाहीं. कार्बन डायऑक्साइडमधील प्रत्येक बंधाचा फरक ०.८९, म्हणजे बंध चांगलाच ध्रुवीय. पण दोन बंध एका सरळ रेषेंत परस्परविरुद्ध ओढतात, म्हणून रेणूचें परिबल शून्य. कार्बन टेट्राक्लोराइडमध्यें चार सारखे बंध चारी दिशांस सारखे ओढतात, तेथेंही शून्य. त्यांतील एक क्लोरीन काढून हायड्रोजन बसविला कीं क्लोरोफॉर्म होतो आणि परिबल एकदम १.०४ डिबाय होतें. पाण्याचा रेणु १०४.५ अंशांत वाकलेला आहे, म्हणून त्याच्या दोन बंधांची ओढ कापली न जातां बेरजेस येते आणि १.८५ डिबाय भरते. तो सरळ असता तर तिची बाकी शून्य आली असती.

याहून चमत्कारिक जोडी अमोनिया व नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड यांची. नायट्रोजन-हायड्रोजन फरक ०.८४, नायट्रोजन-फ्लुओरीन फरक ०.९४. दोन्ही रेणु तिपाईच्या आकाराचे. तरी अमोनियाचें परिबल १.४७ आणि दुसऱ्याचें केवळ ०.२३ डिबाय. नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक एकाकी जोडी आहे. अमोनियांत बंधांची ओढ तिच्याच दिशेस आहे, म्हणून दोन्ही मिळतात. दुसऱ्या रेणूंत ओढ उलट दिशेस आहे, म्हणून दोन्ही एकमेकांस मारतात. आणि कार्बन मोनॉक्साइडनें तर वजाबाकीची पुरती फजितीच केली आहे. फरक ०.८९ असून परिबल जेमतेम ०.११ डिबाय, आणि तेंही ऋण टोंक ऑक्सिजनकडे नसून कार्बनकडे. हीं उदाहरणें मुलांस भीति घालण्यासाठीं नव्हेत. फरक काढल्यावर "रेणूचा आकार कोणता व एकाकी जोड्या कोठें आहेत ?" हा दुसरा प्रश्न विचारल्यावांचून उत्तर पूर्ण होत नाहीं, हें पटविण्यासाठीं आहेत.

आतां त्या मुलीच्या कापसाकडे वळूं. फळ्यावरील माळ चुकीची नव्हती. सेल्युलोज खरोखरच पाण्यास जवळ करतें. चूक ही कीं, पाण्यास प्रथम कोणता बंध भेटतो हें आम्हीं विचारलें नव्हतें. झाडावरच्या कापसाच्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ लेप असतो. वजनानें तो सहसा शेंकडा एक भागाहूनही कमी भरतो. मेणाचा रेणु म्हणजे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांची लांब साखळी. कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, फरक ०.३५. पाणी तंतूच्या दारांत येतें, त्यास १.२४ चा यजमान भेटत नाहीं, ०.३५ चा द्वारपाल भेटतो, आणि तें बाहेरच राहतें. नियम खोटा ठरला नाहीं. आम्हीं तो चुकीच्या बंधास लावला होता.

हें कळल्यावर आम्हीं वर्गांत प्रयोग केला. शेतांतून आणलेल्या कापसाचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत तासभर उकळून, स्वच्छ पाण्यांत दोन-तीनदां खळबळून, उन्हांत वाळविला. मग दोन वाडग्यांत पाणी घेऊन दोन्ही टाकले. पहिला तरंगत राहिला, दुसरा पाहतां पाहतां भिजून तळाशीं गेला. जखमेवर ठेवावयाचा औषधी कापूस पाणी तत्काळ पितो, तो याच कारणानें; त्याचें मेण कारखान्यांत काढलेलें असतें. त्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर त्या मुलीस सांगितलें कीं, तिचा प्रश्न बरोबर होता आणि आमचें उत्तर चुकलें होतें. हें सांगतांना जीभ अडखळली, हें कबूल करतों. पण त्या तासास मागच्या बांकांवरून जेवढे प्रश्न आले, तेवढे आमच्या नोकरीच्या सर्व वर्षांत आले नव्हते.

त्यांतील एक प्रश्न गणवेशाविषयीं होता. पॉलिएस्टरचा सदरा चैत्र-वैशाखांत अंगास चिकटतो, सुती चिकटत नाहीं, हें कां ? कार्बन व ऑक्सिजन यांचा फरक ०.८९, असे ध्रुवीय बंध पॉलिएस्टरमध्यें विपुल आहेत. मग त्यानेंही पाणी घ्यावयास नको काय ? पण त्याच्या साखळींत हायड्रॉक्सिल गट जवळजवळ नाहींत. पाण्याच्या रेणूस हात धरावयास तो गट जसा उपयोगी पडतो, तसा नुसता कार्बन-ऑक्सिजन बंध पडत नाहीं. प्रमाणभूत हवेंत शंभर ग्रॅम कोरड्या कापसांत सुमारें साडेआठ ग्रॅम ओलावा मुरतो, पॉलिएस्टरमध्यें अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. दुसरा प्रश्न स्वयंपाकघरांतला होता. वसमतची हळद (वसमत १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें) फोडणीच्या तेलास तत्काळ पिवळें करते, पाण्यांत मात्र तळाशीं बसते. हळदीच्या रंगद्रव्यांत ऑक्सिजनचे ध्रुवीय बंध आहेत. परंतु रेणूचा मोठा भाग कार्बन-हायड्रोजनाचा असल्यामुळें तो तेलाच्या पक्षास मिळतो. चार ध्रुवीय बंधांनीं अख्खा रेणु पाण्याचा मित्र होत नाहीं. एकंदर जमाखर्च पाहावा लागतो.

कोणी म्हणेल, या गोष्टी गमतीच्या आहेत, पण जीवनांत त्यांचा उपयोग काय ? उपयोग आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांतच आहे. कपाशीवर फवारावयाचें निंबोळीचें तेल पाण्यांत ओतलें तर वर तरंगतें, आणि पंपांतून कधीं नुसतें पाणी तर कधीं नुसतें तेल पडतें. त्यांत साबण मिसळला कीं पांढरें दुधासारखें मिश्रण होतें. साबणाच्या रेणूचें एक टोंक आयनिक, तें पाण्याकडे जातें. दुसरें टोंक कार्बन-हायड्रोजनाची शेंपटी, ती तेलांत रुतते. एकच रेणु दोन्ही पक्षांचा नातलग झाल्यामुळें समेट होतो. ज्या कीटकनाशकांच्या डब्यांवर ईसी हीं अक्षरें असतात, तीं पाण्यांत सहसा विरघळत नाहींत म्हणूनच अध्रुवीय वळणाच्या द्रावकांत विरघळवून व असाच समेट घडविणारें द्रव्य मिसळून विकलेलीं असतात.

आणि जें तेलांत मिसळतें तें मनुष्याच्या कातडींतील स्निग्ध थरांतही शिरूं शकतें. अशा द्रव्याचे शिंतोडे अंगावर पडले असतां नुसत्या पाण्याचा हात फिरवून भागत नाहीं. कपडे उतरवून साबण व भरपूर पाणी यांनीं अंग धुवावें लागतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या अनर्थास कारणें अनेक होतीं, आणि एका रासायनिक नियमानें तो टळला असता असें म्हणणें उथळपणाचें होईल. परंतु ज्या मुलाचे वडील उद्यां सकाळीं पाठीवर पंप घेऊन शेतांत जाणार आहेत, त्यास ०.३५ व १.२४ यांतील अंतराचा हा अर्थ सांगितला नाहीं, तर तो आंकडा त्यास शिकविला कशासाठीं ?

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते आम्ही जाणतों. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे, आणि प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नास चार पर्यायांतून एकावर खूण करावयाची असते. तेथें विचार करणारा मागें पडतो व वजाबाकी करणारा पुढें जातो, असें पालक सांगतात. पालकांची काळजी खोटी नाहीं. ज्या घरांत एका मुलाच्या शिकवणीसाठीं जनावर विकलें जातें, त्या घरास गुणांची पर्वा करूं नका असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु अनुभव असा आहे कीं, अमोनिया व नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड यांची तुलना त्याच परीक्षांत आवडीनें विचारली जाते, आणि तेथें नुसती वजाबाकी करणारा हमखास चुकीच्या पर्यायावर खूण करतो. विचार हा गुणांचा वैरी नाहीं.

दुसरा आक्षेप साधनांचा. ग्रामीण शाळांत प्रयोगशाळा कोठें आहेत ? खरें आहे; पण आमच्या प्रयोगास दोन वाडगे, मूठभर कापूस, चिमूटभर सोडा व चूल एवढेंच लागलें. तिसरा आक्षेप असा कीं, अपवाद सांगितले तर मंद विद्यार्थी गोंधळतात. आमचें मत उलट आहे. मंद म्हणून ज्यांस मागें बसविलें जातें, त्यांपैकीं अनेकांनीं कापूस, हळद व फवारणीचा पंप हाताळलेला असतो. नियम त्यांच्या हातच्या वस्तूंस भिडला म्हणजे तेच पुढें येतात. गोंधळतो तो शिक्षक, कारण त्यास "मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों" असें म्हणण्याची संवय नसते.

म्हणून आमची शिक्षकबंधुभगिनींस तीन गोष्टींची विनंति आहे. विद्युतऋणतेचे कल शिकवितांना बाणांबरोबर त्यांचीं कारणें शिकवावीं. १.७ हा आंकडा कुंपण म्हणून न सांगतां वाटेवरची खूण म्हणून सांगावा. आणि प्रत्येक फरकाच्या पाठीमागें तीन प्रश्न जोडावे : रेणूचा आकार कसा आहे ? पाण्यास किंवा तेलास प्रथम कोणता बंध भेटतो ? आणि हें भाकीत पाहण्यास घरांत कोणती वस्तु मिळेल ? उत्तरपत्रिकेंत ज्या मुलानें कारण बरोबर देऊन निष्कर्षांत चूक केली, त्यास निदान घटक-चाचणींत तरी अर्ध्याहून अधिक गुण द्यावे. हें आमच्या हातांत आहे. त्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एकच सांगणें आहे. कोष्टकावर विश्वास ठेवा, कारण तें मोजमापांतून आलें आहे. फळ्यावरही विश्वास ठेवा, पण वाडग्यांतील पाण्यास विचारून. दोहोंत तफावत दिसली तर ती झांकूं नका. दप्तरांत घालून शाळेंत आणा. आम्ही त्या वेळीं उत्तर देऊं शकलों नाहीं, तरी यापुढें तुम्हांस फळ्यावरचें उतरून घ्या असें सांगून गप्प बसविणार नाहीं, एवढें वचन या अंकांत लिहून ठेवतों. यंदाची वेचणी लवकरच सुरू होईल. बोंडें फुटलीं कीं पहिली मूठ वर्गांत यावी.